उशाखालचे हिरे

मी आयुष्यभर लोकांची स्वप्नं ऐकली आणि त्याचा पगार मला सराफी पेढीवर मिळाला. घरी असं म्हटलं की सूनबाई हसते. पण खरं तेच आहे. शहापुरातल्या आमच्या पेढीवर सोन्याचं बघणारे चौघे होते, हिऱ्यांचं बघणारा मी एकटा. गिऱ्हाइकं मला खडेवाले अण्णा म्हणायची. सत्तर-ऐंशीच्या त्या वर्षांत आमच्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात हिरा नुसता बघून कुणी घेत नसे. तो आधी कागदाच्या पुडीत घरी न्यायचा, तीन रात्री उशाखाली ठेवायचा आणि चौथ्या दिवशी पेढीवर येऊन काय स्वप्नं पडली ते सांगायचं. स्वप्न चांगलं पडलं तर खडा लाभला. वाईट पडलं तर पुडी परत. का म्हणून, असं आम्ही विचारायचं नाही. पेढीचे मालक आप्पा, त्यांचा तसा दंडकच होता.

माझी बैठक उत्तरेच्या खिडकीखाली. हिरा बघायला उत्तरेचा उजेड लागतो, कारण त्या बाजूनं ऊन थेट आत घुसत नाही. सकाळी दहाच्या सुमाराला धुकं वर सरकायचं आणि खिडकीत एक पांढरा, शांत उजेड उतरायचा. कागदावर खडे पसरून चिमट्यानं एकेक उचलत बसलं की तासाभरानं माणूस कुठल्या कुठं जातो. रस्त्यावरचे टांगे, सायकली, मागांचा खडखडाट सगळं ऐकू येतं, पण लांबून. अशा वेळी समोर कुणीतरी येऊन बसायचं आणि हळू आवाजात म्हणायचं, "अण्णा, काल विहीर दिसली." मी जागा आहे की झोपलोय हे मलाच पटकन कळायचं नाही.

कणकुंबीकडचे एक लाकडाचे ठेकेदार अंगठीचा खडा घेऊन गेले होते. चौथ्या दिवशी आले ते घाबरूनच. म्हणाले, "वाघ आलता. दारातलं पाणी पिला आन् गेला." मी म्हटलं, मग परत करताय का? तर म्हणाले, "न्हाय, आई म्हणती, पाणी पिऊन गेला म्हंजे पाव्हणा झाला. ठेव." वडगावच्या एका विणकराला तिन्ही रात्री आपला माग आपोआप चालताना दिसला आणि साडी काही संपेना. हे चांगलं का वाईट ते त्याला कळेना. मी विचारलं, साडीचा रंग कुठला? म्हणाला, पोपटी. मी म्हटलं, मग घ्या. माझ्या या निकालाला शेंडा ना बुडखा, पण तो समाधानानं गेला. बेळगुंदीच्या एका बाईच्या स्वप्नात तिची वारलेली सासू आली, नाकात ती नवीच चमकी घालून बसली आणि काही केल्या काढून देईना. ती पुडी बाईनं तीन रात्रीसुद्धा ठेवली नाही.

आता हिरा कळतो कसा ते सांगून टाकतो, कारण लोकांना उगाच वाटतं की त्यात मोठी विद्या आहे. खड्यावर तोंडाची वाफ सोडायची. काचेवर ती रेंगाळते, हिऱ्यावर बसते न बसते तोच जाते. छापील कागदावर खडा पालथा ठेवायचा. काचेतनं खालची अक्षरं लागतात, हिऱ्यातनं लागत नाहीत. हे झालं खरं-खोटं. खरी अडचण पुढं असते. एक बघायचं पाणी, म्हणजे खडा पांढरा आहे की पिवळट. ते वरून नाही, घडी घातलेल्या पांढऱ्या कागदात ठेवून बाजूनं बघायचं. दुसरे पैलू. घाट बसका असला की वरून आलेला उजेड तळातनं गळून जातो, मग खडा मोठा असूनही मधे मेल्यासारखा दिसतो. तिसरे डाग, ते भिंगाखाली. डाग नसलेला हिरा जवळजवळ नसतोच, तो डाग कुठं बसलाय ते महत्त्वाचं. मोठा डागाळलेला घेण्यापेक्षा लहान आणि स्वच्छ घ्या, असं मी प्रत्येकाला सांगायचो. निम्मे लोक ऐकायचे नाहीत. आणि ट्यूबलाइटखाली हिरा कधी घेऊ नये, तिथं सगळेच गोरे दिसतात. आप्पांनी पेढीवर ट्यूब बसवली त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोललो नव्हतो.

सगळ्यांत अवघड काम कुड्यांचं. आमच्याकडं सात खड्यांच्या कुड्यांची हौस, मधे एक मोठा आणि भोवती सहा. दोन कानांचे चौदा. हे चौदा एका पाण्याचे, एका घाटाचे लागतात आणि मधले दोन तर जुळ्या भावांसारखे लागतात. एक जोडी जुळवायला मला कधी महिना लागायचा, कधी वर्ष.

मला एक खोड होती. खडा परत आला की त्याच्या पुडीवर आतल्या बाजूनं मी पेन्सिलनं एखादा शब्द लिहून ठेवायचो. विहीर. सासू. साप. पुढच्या गिऱ्हाइकाला काही सांगायचो नाही, पण मला माहीत असावं म्हणून. पुढं ही खोड मी मोडली. ती का मोडली, तेच सांगायला बसलोय.

एक खडा तीनदा परत आला होता. पहिल्यांदा नेला त्या घरी स्वप्न पडलं की देवापुढचा दिवा विझला आणि कितीही काड्या ओढल्या तरी पुन्हा लागेना. दुसऱ्यांनी स्वप्नात विहिरीत वाकून पाहिलं तर आत पाणी नाही, नुसता काळोख. तिसऱ्यांना स्वप्न पडलंच नाही, पण त्यांची म्हैस आटली. म्हशीला त्या खड्याचं काय पडलंय? तरी पुडी परत आली. खडा म्हणाल तर माझ्या हाताखालून गेलेल्यांत इतकं निर्मळ पाणी मोजक्यांचंच. कडेला केसाएवढी एक पांढरी रेघ, तीही भिंगातनं दिसणारी. बाकी बोट ठेवायला जागा नव्हती. मी त्याच्या पुडीवर 'दिवा' आणि 'काळोख' असे दोन शब्द लिहिले आणि ती माझ्या खड्यांच्या पेटीच्या अगदी मागच्या खणात सारली.

अशात एका शनिवारी, सकाळची शाळा उरकून, निपाणीच्या बसनं सुमनबाई आल्या. तिकडं हायस्कुलात शास्त्र शिकवायच्या. वय तिशीचं, पायांत साध्या चपला, अंगावर एक घड्याळ सोडलं तर काही नाही. जून सरत आला होता.

"आईसाठी कुड्या करायच्यात," त्या म्हणाल्या. "सात खड्यांच्या. आन् लवकर पायजेत."

"घरात काही कार्य हाय काय?"

"न्हाय. आईचे डोळे चाललेत."

मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेलं परत येणार नव्हतं, उरलेलं चार-सहा महिने टिकलं तर टिकलं. "आता तिला नळीतनं बघितल्यागत दिसतंय," सुमनबाई म्हणाल्या. "कडंचं गेलंय. मधलं हाय अजून."

त्यांच्या आई हौसाबाई तंबाखूच्या वखारीत मजुरीला होत्या. बौद्ध घर, आधीच्या पिढ्यांनी मजुरीशिवाय काही बघितलेलं नव्हतं, सुमनबाई घरातल्या पहिल्या पगारदार. दसऱ्याला वखारीच्या मालकीणबाई यायच्या तेव्हा हौसाबाई खाली पाला निवडत बसलेल्या असायच्या. "बाईनं मान हलवली की तिच्या कुड्यांचे उजेडाचे ठिपके भिंतीवर पळायचे म्हणे. आई घरी येऊन ते आम्हाला सांगायची. आम्ही भावंडं लहान होतो, पुढं कितीतरी दिवस रोज विचारायचो, आज पळाले काय गं ठिपके." त्यांनी मनगटावरचं घड्याळ सारखं केलं. "मला पायजेत म्हणून ती कधी बोलली न्हाय. मीच ठरवलंय. दिसतंय तवर तिनं एकदा आपल्या कानातलं बघावं. पैशाचं मी जमवून आलेय, ते तुम्ही काढू नका. खडे दाखवा."

मी सवयीनं म्हटलं, जुळले की पुडी देतो, तीन रात्री ठेवून बघा.

"ते आमच्यात न्हाय, अण्णा. शकुन-अपशकुन आम्ही घरातनं कधीच बाहेर काढलाय. त्यापेक्षा तुम्ही मला खडा बघायला शिकवा. माझी मी बघून घेईन."

इतक्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी लगेच खुर्ची खिडकीशी ओढून दिली. भिंग डोळ्याला चिकटवून खडा त्याच्याजवळ आणायचा, भिंग खड्याकडं न्यायचं नाही, हे मी एकदाच सांगितलं आणि त्यांनी उचललं. बाजूनं पाणी बघायला शिकल्या, गळका घाट ओळखायला शिकल्या. दोन तासांत आम्ही दोघांनी मिळून तेरा खडे जुळवले. मी तर हरखूनच गेलो होतो. फक्त मधल्या मोठ्या खड्याचा जुळा तेवढा मिळेना.

तेवढ्यात सुमनबाईंनी मागच्या खणातली एक पुडी उघडली, चिमट्यानं खडा उचलला, भिंगातनं पाहिला, मग मधल्या मोठ्या खड्याशेजारी ठेवून कागदाची घडी वाकवली. "ह्यो बघा की," त्या म्हणाल्या. "कडेला बारीक रेघ हाय, पण तुम्हीच म्हणालात तसं, ती कडेलाच हाय. पाणी तर तंतोतंत."

तो तोच खडा होता. पुडीच्या आतल्या घडीवरचे माझे पेन्सिलचे दोन शब्द त्यांच्या लक्षात आले नाहीत, माझ्या आले. जिचे डोळे चाललेत त्या बाईच्या कानात मी दिवा विझवणारा खडा घालायचा? उद्या खरंच सगळं अंधारलं तर? मी पुडी त्यांच्या हातातनं घेतली आणि म्हटलं, "न्हाय बाई, पाण्यात फरक हाय. तुमची नजर अजून तेवढी बसली न्हाय. सुरतेहून दलाल येतोय पंधरा दिवसांत, त्याच्याकडनं मागवतो."

त्यांनी पुन्हा एकदा त्या खड्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय तर असंल." शिकवणारा मीच होतो, तेव्हा त्या दुसरं काय म्हणणार? नोकरीच्या सगळ्या वर्षांत हिऱ्याविषयी मी बोललेलं ते एकमेव खोटं. ते मी चांगल्या बुद्धीनं बोललो, असं तेव्हा मला वाटत होतं.

दलाल आला, त्याच्याकडचा खडा पिवळट निघाला. पुढच्या खेपेला आणला तो बसका. तिसऱ्या खेपेला तो आलाच नाही. सुमनबाई दोन-तीन शनिवार आड करून यायच्या, पावसात भिजलेली छत्री दाराशी ठेवायच्या आणि माझ्या तोंडाकडं बघूनच समजायच्या. मी आईचं विचारायचो. श्रावणात म्हणाल्या, "भाकरी थापताना तवा चुकतोय." गणपतीच्या सुमाराला म्हणाल्या, "माणूस समोर आला तर वळखती, बाजूनं आला तर दचकती." एकदा जाता जाता म्हणाल्या, "अण्णा, उगंच विचारते. तो रेघेचा खडा खरंच चालणार न्हाय काय?" मी नाही म्हणून मान हलवली.

त्या दिवसांत मला एक स्वप्न पडू लागलं. लांबलचक वखार, तंबाखूच्या धुळीनं तांबूस झालेला उजेड, खाली ओळीनं बसलेल्या बायका. त्यातली एक मान वळवते आणि भिंतभर उजेडाचे ठिपके पळत सुटतात, छताला जातात, बायकांच्या लुगड्यांवर उतरतात. सगळ्या काम थांबवून बघत राहतात. मी दारात उभा असतो, मलाही आत जायचं असतं, पण पाय उचलत नाहीत आणि त्याचं वाईटही वाटत नाही. जाग आली तरी बराच वेळ डोळ्यांपुढं ते ठिपके हलत असायचे. हेच स्वप्न एखाद्या गिऱ्हाइकानं येऊन सांगितलं असतं तर मी पुरतं ऐकायच्या आधीच म्हटलं असतं, घ्या, हा खडा तुमचाच आहे. आपलं आपल्याला कळलं नाही.

दसरा झाला. एका सकाळी आप्पा माझ्या खिडकीशी आले. तेरा खडे वेगळ्या कागदावर जूनपासून तसेच पडलेले बघून म्हणाले, "हे का अडलंय रं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. पुडीवरचे शब्दही दाखवले. आप्पांनी चष्मा वर करून ते वाचले आणि खुर्चीत बसून पोट धरून हसले.

"अरं खुळ्या," ते म्हणाले, "तीन रात्रीचं हे सगळं माझ्या वडलांनी काढलं. लोक हिऱ्याला भ्यायचे. घरी नेऊन उशाशी घेऊन निजले की तो आपला वाटायला लागतोय, मग परत आणायला जीव होत न्हाय. कुणाला नकोच असंल तर त्यालाबी सांगायला काहीतरी होतंय, तोंड वाईट होत न्हाय. स्वप्न गिऱ्हाइकानं बघायचं आन् आपण मान डोलवायची. तू कशाला मनावर घेतलास?"

इतकी वर्षं त्या खिडकीत बसून मी दिसेल त्याला सांगत आलो होतो की खडा उजेडात बघा, डोळ्यांनी बघा, भिंगानं बघा. आणि स्वतः एक चोख खडा, कुणा परक्या घरात पडलेल्या स्वप्नावरनं चार महिने दाबून ठेवला होता. लाज वाटली, आणि त्याहून जास्त घाई वाटली. त्याच दुपारी मी चौदा खडे कारागिराकडं दिले, त्याच्या शेजारी बसून कुड्या करून घेतल्या आणि निपाणीला कार्ड टाकलं, कुड्या तयार आहेत, आईंना घेऊन या.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी दोघी आल्या. सुमनबाईंनी आईचा हात धरला होता आणि पायरी आली की त्या हळूच सांगत होत्या, "पायरी हाय." हौसाबाईंनी पायानं आधी पायरी चाचपली, मग पाय टेकला. तिथंच मला कळलं.

"कधी?" मी विचारलं.

"दसऱ्याच्या आधी," सुमनबाई म्हणाल्या. "आता उजेड हाय का न्हाय, एवढंच कळतंय. आणणार नव्हते मी. तिनंच हट्ट केला, चल म्हणून."

हौसाबाई बारीक चणीच्या, नेसण स्वच्छ, हाताची बोटं टोकाला अजून तपकिरी. मी खुर्ची दिली. कुड्या मखमलीवर ठेवल्या. खिडकीतनं चांगला उजेड येत होता आणि खडे असे जिवंत झाले होते की दुकानातली दोन गिऱ्हाइकंही मान वळवून बघायला लागली. सुमनबाईंनी न सांगता माझं भिंग उचललं. मी शिकवलं होतं तसंच डोळ्याला लावलं आणि कुडी त्याच्याजवळ आणली. डावी बघितली, उजवी बघितली. उजवीवर त्या फार वेळ थांबल्या.

"अण्णा, ही रेघ," त्या म्हणाल्या. "ह्यो तोच खडा हाय. त्या दिवशीचा."

"व्हय."

"पाण्यात फरक हाय म्हणालता."

"फरक नव्हता."

"मग?"

खोटं बोलायला मला जागा उरली नव्हती. तो खडा परत आला होता, आधी नेलेल्या घरी दिवा विझल्याचं स्वप्न पडलं होतं, म्हणून मी भ्यालो, असं मी सांगितलं. आवाज किती खाली उतरला होता ते माझं मला माहीत नाही. सुमनबाईंनी भिंग खाली ठेवलं. त्या रागावल्या असत्या, ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"चार महिने," त्या म्हणाल्या. "जूनमधी तिला माझं तोंड दिसत होतं, अण्णा."

मी मान खाली घातली. माफ करा म्हणायला तोंड उघडलं, पण तो शब्द त्यांच्यापुढं ठेवायची हिंमत झाली नाही.

"काय गं सुमी?" हौसाबाईंनी विचारलं. "काय झालं?"

सुमनबाई माझ्याकडं बघत होत्या.

"काय न्हाय आई," त्या म्हणाल्या. "अण्णा खड्यांचं सांगायला लागलेत."

"खडं कळत्यात व्हय मला? घाल म्हणावं की आता." असं म्हणून हौसाबाईंनी पदर खांद्यावर सरकवला आणि मान पुढं केली.

कुड्या मी घातल्या. मागच्या फिरकीचं मळसूत्र दोनदा निसटलं. त्यांनी एकदाही चुळबुळ केली नाही. दुसरं मळसूत्र बसलं आणि मग माझ्या हातून जे झालं ते निव्वळ इतक्या वर्षांच्या सवयीनं झालं. दागिना घालून झाला की करतो तसा मी गल्ल्यावरचा आरसा उचलला आणि त्यांच्यापुढं धरला.

सुमनबाईंनी तोंडावर हात घेतला. माझ्या लक्षात आलं तेव्हा आरसा हौसाबाईंच्या चेहऱ्यासमोर होता, आता तो खाली कसा घ्यायचा ते मला कळेना. आरशाची लाकडी कड त्यांच्या बोटांना लागली होती. त्यांनी ती चाचपली, काचेवरनं एकदा हात फिरवला आणि त्यांना समजलं.

मग त्या खुर्चीत ताठ बसल्या. पेढीवर येणारी कुठलीही बाई करते तशी त्यांनी मान आधी डावीकडं वळवली, मग उजवीकडं. कानामागचे केस सारखे केले. खिडकीतला उजेड खड्यांत शिरला आणि माझ्या सदऱ्यावर, भिंतीवर, सुमनबाईंच्या ओल्या गालावर ठिपके हलले.

"लई चांगलं दिसतंय," हौसाबाई म्हणाल्या. आणि मग, "जरा वर धर की अण्णा, आरसा."

मी आरसा वर धरला.